हिऱ्यांचा चोर आणि चांदीचे चोर

ए. जे. राफल्स दिवसा लंडनच्या बड्या लोकांबरोबर क्रिकेट खेळतो आणि रात्री त्यांच्याच घरातले दागिने लांबवतो. हे पात्र हॉर्नंग या लेखकाचं, पहिलं पुस्तक १८९९ चं. गंमत म्हणजे हॉर्नंग हा कॉनन डॉयलचा मेहुणा. एकाने शेरलॉक होम्स घडवला, दुसऱ्याने चोर! चोराला नायक केलेलं डॉयलसाहेबांना काही रुचलं नव्हतं म्हणा.

१९१७ साली त्यावर अमेरिकेत मूकपट निघाला. जॉन बॅरीमोर राफल्स झाला. आवाज नाही, त्यामुळे सभ्यपणा आणि लबाडी दोन्ही चेहऱ्यावरच दाखवायची.

या वेषांतराच्या खेळात आपणही मागे नव्हतो बरं का. १९२७ साली मुंबईत अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीने 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' काढला. दिग्दर्शक मोहन भवनानी आणि नायिका सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स. तिने एकटीने आठ रूपं घेतली. माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, शिवाय गोरी मडम! १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम साळुंके या पुरुषाला करावं लागलं होतं. चौदा वर्षांत बाई पोलीस बनून पडद्यावर आली. केवढी मोठी उडी!

पण राफल्स मी इथे देऊळघाटात लॅपटॉपवर बघू शकतो, वाइल्डकॅट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जाऊनही बघता येत नाही. तो नष्ट झालाय.

कारण रसायनशास्त्रात आहे. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र म्हणजे चांदीचे बारीक कण. त्यात ती नायट्रेट फिल्म, पटकन पेट घेणारी. १९३१ ला इराणींनीच 'आलम आरा' आणला, चित्रपट बोलू लागले आणि मूकपटांना गिऱ्हाईक उरलं नाही. मग रिळं भंगारात, चांदी काढायला. 'आलम आरा'सुद्धा सुटला नाही. त्याची रिळं इराणींच्या मुलानेच चांदीसाठी काढून टाकली, असं पी. के. नायर सांगत.

संग्रहालय सुरू झालं १९६४ साली. नायरांनी फाळक्यांचा 'कालिया मर्दन' वाचवला, पण तोवर बहुतेक मूकपट गेले होते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, बॅकअप घ्यायला तीस वर्षं उशीर.

राफल्सने चोरलेला हार निदान कुणाच्या तरी गळ्यात पुन्हा दिसू शकतो. वितळलेल्या रिळातली सुलोचना कुठून आणणार? तुमच्या घरी माळ्यावर जुनी रिळं, फोटोंच्या काचा असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी पुण्याला एक पत्र टाका. एवढंच.