मोटार घ्यावी कीं घडवावी?

पुणें-नगर रस्त्यावरील सुप्यासारख्या गांवीं जुनी, फेरफार केलेली जीप घ्यावी कीं स्वतः घडवावी, हा प्रश्न केवळ पैशाचा नव्हे. महिंद्र कंपनीचा मोटारधंदाहि स्वातंत्र्याच्या सुमारास परदेशी विलिस जीपचे भाग जोडण्यापासूनच सुरू झाला. पुढें कायदा आला. १९८८ च्या मोटार कायद्याचें ५२ वें कलम कारखान्याच्या मूळ घडणीशीं विसंगत फेरफारास मनाई करतें. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यानें रंगाआधीं नोंदणीपुस्तक पाहावें, असें आम्हांस वाटतें. घडविणाऱ्याची वाट तर अधिकच बिकट. देवराष्ट्रे येथील एका कारागिरानें भंगारांतून, सुमारें ६०,००० रुपयांत, पायानें किक मारून सुरू होणारी जीप केली. केवढी ही हिकमत! ती नियमांत बसेना. २०२२ सालीं महिंद्रांनीं ती संग्रहासाठीं घेऊन त्यास नवी बोलेरो दिली.