पाणी कुठं जातं?

नव्या घरी कामाला गेलो की मी आधी मगभर पाणी मागतो. घरच्यांना वाटतं, मिस्त्रींना तहान लागलीय. मी ते फरशीवर ओततो आणि उकिडवा बसून बघतो. पाणसळीतला बुडबुडा बघायला आता चष्मा लागतो. पाणी आपलं आपण दाखवतं.

ही सवय वडिलांची. ते अक्कलकोटकडचे गवंडी. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पुण्यातले नदीकाठचे वाडे पडले, बांधकामाला हात कमी पडू लागले, तेव्हा ते रेल्वेनं इथं आले. त्यांच्या हाताखालून गेलेली शहाबादी फरशीही त्याच रुळांवरून आली होती. शहाबाद हे गाव गुलबर्ग्याजवळ, सोलापूरच्या पुढं, वाडीच्या अलीकडं. मुंबई-रायचूर रेल्वे 1871 मध्ये पुरी झाली आणि तिथला चुनखडीचा दगड आपल्या घरांत शिरला. तो दगड मुळातच थराथरांचा. सांध्यात छिन्नी घालून पहार लावली की पापुद्रा सुटावा तशी लादी सुटते. म्हणून स्वस्त, आणि रूळ शेजारीच, म्हणून लांबवर पोचली.

त्याआधी काय होतं? माझ्या आजीच्या घराला फरशी नव्हती, जमीन होती. पांढरी माती भिजवायची, तुडवायची, चोपण्यानं चोपायची, वर शेणाचा काला. आजी आतल्या भिंतीपासून सारवायला लागे आणि मागं सरकत सरकत दारापर्यंत येई. बोटांच्या कमानी वाळल्यावरही दिसायच्या. त्या जमिनीवर तांब्या लवंडला तर ओरडा बसे, कारण पाणी साचलं की तिथं खळगा पडलाच. पाण्याची सगळी कामं मोरीत, दगडावर.

शहाबादीनं ती भीती घालवली. बादलीभर पाणी ओता, खराट्यानं लोटा. पण त्यासाठी ढाळ हवा. वडील दाराकडून मोरीकडं दोरी ताणत आणि मोरीच्या बाजूची गाठ बोटभर खाली घेत. चालणाऱ्याला उतार कळायचा नाही, पाण्याला कळायचा. लादी बसली की लाकडी मारतुलानं ठोकून कान देत. ‘ठक्’ म्हणजे माल भरलाय. ‘ढब’ म्हणजे पोकळ, उचल परत. एकच पथ्य सांगत: ॲसिड लावू नका. चुनखडी ती, थेंब पडला की फसफसते आणि पांढरा डाग कायमचा.

वडिलांच्याही आधीच्या काळात मुंबईकडं श्रीमंतांच्या दिवाणखान्यात परदेशी नक्षीच्या टाइल्स असत. त्या तोडीचा माल देशातच व्हावा म्हणून फिरोजशा सिधवा यांनी 1922 मध्ये भारत टाइल्सचा कारखाना काढला. ही टाइल भट्टीत जात नाही. साच्यात रंगीत सिमेंट ओतायचं, त्यावर वाळू-सिमेंटचा थर द्यायचा, दाबयंत्रात दाबायचं आणि पाण्यात मुरवायचं. रंग वरवरचा नसतो, चांगला जाडीनं असतो. म्हणून तिसरी पिढी चालली तरी नक्षी पुसत नाही.

माझ्या वाट्याला आली ती मोझॅक, म्हणजे संगमरवराच्या खड्यांची चिप्स टाइल. 1982 साली, सोळाव्या वर्षी, कोथरूडच्या नव्या इमारतींत मी घासाईच्या मशीनमागं पाणी मारायला उभा राहिलो. गुडघ्यापर्यंत राखाडी चिखल. आधी भरड दगड, मग बारीक, मधे सिमेंटची खळ भरून भोकं बुजवायची, शेवटी पॉलिश. संध्याकाळी बल्ब लावला की त्याचं प्रतिबिंब फरशीत दिसे. पुढं मोरबीच्या चकचकीत टाइल्स आल्या. त्यांना घासावं लागत नाही, त्यामुळं घासाईवाले रिकामे झाले.

आणि मग लॅमिनेट. स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीनं 1977 मध्ये ते शोधलं, 1984 पासून युरोपात विकलं. खाली दाबलेला लाकडाचा भुगा, वर लाकडाच्या रेषांचा छापील कागद, त्यावर पारदर्शक कडक थर. सुरुवातीला फळ्या डिंकानं चिकटवत. 1990 नंतरच्या दशकात जीभ-खाचेचं कुलूप निघालं आणि डिंक सुटला. ही फरशी जमिनीला चिकटतच नाही. फोमवर नुसती पडून राहते, सगळी खोली मिळून एक चटई.

गवंड्याच्या पोराला हे पचायला जड. पहिलं काम मी 2004 च्या मे महिन्यात केलं. आयुष्यभर सांधा घट्ट बसवलेला, म्हणून फळ्या भिंतीला अगदी भिडवल्या. जुलैत बोलावणं आलं. खोलीच्या मधोमध फरशी उंटाच्या पाठीसारखी उठलेली. दमट हवेत भुसा फुगला, सरकायला जागा नाही, मग जाणार कुठं? वर! तेव्हापासून चारही बाजूंना बोटभर फट सोडतो आणि वर पट्टी मारून झाकतो. फळ्या आणल्या की दोन दिवस त्याच खोलीत आडव्या ठेवतो, तिथली हवा लागू देतो. ‘ओलं फडकं पिळून पुसा, बादली ओतू नका,’ असं घरच्यांना सांगताना मला आजीचाच आवाज ऐकू येतो. इतक्या वर्षांनी आपण फिरून तिच्या जमिनीवर आलो, तांब्या जपायला. फरक एवढाच, तिचा खळगा दुसऱ्या दिवशी मूठभर मातीनं बुजे. फुगलेली फळी फेकावीच लागते.

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या फ्लॅटमध्ये गेलो. बाल्कनी बंद करून हॉलला जोडलेली, प्लायवूड टाकून सगळीकडं लॅमिनेट. खिडकीतून पाणी झिरपून कडेच्या फळ्या फुगल्या होत्या. फळ्या काढल्या, कुजलेलं प्लाय काढलं, तर खाली मोझॅक, जशीच्या तशी. कोपऱ्यातल्या भोकात कुणीतरी चिंधी कोंबलेली. ती ओढून काढली आणि मगभर पाणी मागितलं. पाणी एका खड्याशीही न थांबता भोकाकडं गेलं.

दारात उभ्या असलेल्या त्या घरातल्या आजी म्हणाल्या, “मिस्त्री, नवं काही बसवू नका. हीच घासून द्या.”

घासाईचं मशीन अजून कुणाकडं आहे, ते शोधायला मला चार दिवस लागले.