ब्लोअर मोटर (मोटारगाडी)

ब्लोअर मोटर ही मोटारगाडीच्या प्रवासी कक्षात हवा खेळविणाऱ्या पंख्यास गती देणारी विद्युत् मोटर होय. हीटर, वातानुकूलन आणि काचेवरील बाष्प घालविणे या तिन्ही कामांसाठी बहुधा एकच ब्लोअर वापरला जातो. त्यामुळे त्यातील बिघाड ही केवळ गैरसोय नसते. थंडीत किंवा पावसाळी घाटरस्त्यावर समोरची काच आतून धुरकट झाल्यास चालकाला रस्ता दिसेनासा होतो.

रचना व कार्य

बहुतेक गाड्यांत ही मोटर १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालते आणि डॅशबोर्डखाली बसविलेली असते. बॅटरीचा प्रवाह फ्यूज, रिले, कळ व वेगनियंत्रक असलेल्या मंडलातून मोटरीला मिळतो आणि गाडीच्या सांगाड्यामार्गे परततो. साध्या रचनेत कमी वेगांसाठी हा प्रवाह रोधकांतून नेतात. सर्वोच्च वेगाला रोधक वगळले जातात. रोधक तापत असल्याने ते ब्लोअरच्या झोतातच बसवितात. स्वयंचलित वातानुकूलन असलेल्या गाड्यांत रोधकांऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो.

लक्षणे व संभाव्य कारणे

* केवळ सर्वोच्च वेगावर पंखा चालणे : रोधक जळालेला असणे.
* कोणत्याही वेगावर न चालणे : फ्यूज, रिले, कळ, अर्थिंग किंवा स्वतः मोटर.
* हलका ठोका दिल्यावर सुरू होणे : मोटरीतील ब्रश झिजणे.
* खडखडाट : पंख्यात पालापाचोळा अडकणे; किंचाळल्यासारखा आवाज : बेअरिंग झिजणे.
* पंखा फिरूनही झोत क्षीण असणे : हवेची गाळणी तुंबणे.

झोत जोरदार पण हवा गार असल्यास दोष ब्लोअरचा नसतो. अशा वेळी इंजिनातील शीतकाची पातळी, थर्मोस्टॅट आणि हीटरकडे जाणारा शीतकाचा मार्ग तपासतात.

तपासणीचा क्रम

प्रथम फ्यूज व रिले पाहतात. त्यानंतर कळ सर्वोच्च वेगावर ठेवून मोटरीच्या दोन टोकांमधील विद्युत् दाब मल्टिमीटरने मोजतात. तो बॅटरीच्या दाबाइतका असूनही मोटर फिरत नसल्यास मोटर सदोष ठरते. दाब मिळत नसल्यास दोष तिच्याकडे येणाऱ्या किंवा तिच्यापासून परतणाऱ्या तारमार्गात असतो. ही कसोटी न घेता मोटर बदलल्यास खर्च होऊनही बिघाड कायम राहू शकतो.

दक्षता

बेअरिंग जड झालेली मोटर अधिक प्रवाह खेचते. त्यामुळे फ्यूज वारंवार उडतो, जोडणीचे प्लास्टिक वितळते आणि नवा रोधकही जळू शकतो. म्हणून रोधक बदलताना मोटरीचीही तपासणी आवश्यक असते. उडालेल्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावणे धोकादायक आहे. तसे केल्यास तारा तापून गाडीला आग लागू शकते. सुटे भाग काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण जोडणी सोडवितात. डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असल्यास उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचना पाळाव्या लागतात.