दक्षिण यूटाच्या दऱ्यांतील कौटुंबिक सहली : सणाची सुटी, स्मृती आणि हक्क

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यूटा राज्याचा दक्षिण भाग कोलोरॅडो पठारात मोडतो. तांबड्या वालुकाश्मात कोलोरॅडो, ग्रीन व सॅन वॉन या नद्यांनी आणि त्यांच्या असंख्य उपप्रवाहांनी खोल दऱ्या कोरल्या आहेत. मोआबसारख्या गावी वर्षाकाठी पाऊस जेमतेम २० ते २५ सेंटिमीटर पडतो. उन्हाळ्यात पारा ३८ अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि हिवाळ्यात पाणी गोठते. अशा प्रदेशात 'सहल' ही कल्पना रुजणे वरकरणी नवलाचे वाटते. परंतु मुलाबाळांसह, शिदोरी बांधून, ठराविक सणाला ठराविक दरीत जाण्याची चाल येथे दीर्घकाळ चालत आली आहे. पर्यटनाच्या इतिहासात रेल्वे कंपन्या, हॉटेले आणि राष्ट्रीय उद्याने यांची पुष्कळ चर्चा झालेली आढळते. स्थानिक कुटुंबांच्या सहलीकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. प्रस्तुत निबंधात या सहलीचा उगम, तिचे बदलते स्वरूप आणि पुढे जमिनीच्या वादात तिला आलेले पुराव्याचे महत्त्व यांचा विचार केला आहे.

एक नाताळ, १८७९

मॉर्मन पंथीय वसाहतकार २४ जुलै १८४७ रोजी सॉल्ट लेक खोऱ्यात उतरले आणि तो दिवस पुढे 'पायोनियर डे' म्हणून त्यांचा सण झाला. दक्षिणेकडील दऱ्यांचा प्रदेश मात्र त्यानंतर तीन दशके त्यांच्या वस्तीबाहेरच राहिला. १८७९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर सुमारे २५० स्त्री-पुरुष व मुले ऐंशीहून अधिक गाड्यांसह एस्कलांटी गावाकडून सॅन वॉन नदीकडे निघाली. सहा आठवड्यांचा प्रवास अपेक्षित होता, त्याला सहा महिने लागले. ग्लेन कॅन्यनच्या कड्यातील एक अरुंद फट सुरुंगाने व छिन्नीने रुंद करून, २६ जानेवारी १८८० पासून गाड्या दोरखंडांच्या आधाराने सुमारे ३०० मीटर खाली नदीपात्राकडे सोडण्यात आल्या. 'होल-इन-द-रॉक' या नावाने ही घटना प्रसिद्ध आहे.

या मोहिमेतील दोन प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. काम रेंगाळले असता मंडळींनी जवळच्या एका प्रशस्त, सपाट तळाच्या खडकाच्या कपारीत फिडलच्या साथीने नृत्याचे फड भरवले. त्या खडकाला आजही 'डान्स हॉल रॉक' म्हणतात. दुसरा प्रसंग नाताळचा. वाट शोधण्यासाठी पुढे गेलेले चार जण बर्फात भरकटले, शिधा संपत आला. नाताळच्या दिवशी ते एका टेकाडावर चढले तेव्हा त्यांना दूरवर अबाहो पर्वत दिसला आणि दिशा उमगली. त्या टेकाडाचे नाव 'साल्व्हेशन नॉल', म्हणजे तारणाची टेकडी, असे पडले. ६ एप्रिल १८८० रोजी मंडळी ज्या जागी थकून थांबली तेथे ब्लफ हे गाव वसले. त्यांच्या वंशजांच्या दृष्टीने या दऱ्या केवळ निसर्गदृश्य नव्हत्या. पूर्वजांनी जेथे सण साजरा केला ती ही भूमी, अशी धारणा घट्ट झाली. पुढील काळात कुटुंबाच्या सहलीला यात्रेचे जे स्वरूप आले, त्याचे मूळ येथे शोधावे लागते.

ईस्टरच का?

पायोनियर डे हा मोठा सण खरा, पण तो ऐन जुलैत येतो. त्या दिवशी दरीत उतरणे म्हणजे तव्यावर बसणे. त्यामुळे लोक मिरवणूक आटोपून ला साल किंवा अबाहो पर्वताच्या सावलीकडे वळत. दरीतील सहलीचा सण म्हणजे ईस्टर. तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. तेव्हा ऊन सुसह्य असते, झऱ्यांना पाणी असते आणि ओढ्याकाठच्या कॉटनवुड वृक्षांना पालवी फुटलेली असते. शिवाय मॉर्मन पंथात ईस्टरपूर्व उपवासाचा काळ व पवित्र सप्ताह यांचे विस्तृत विधी परंपरेने नव्हते, त्यामुळे सणाचा बराचसा वेळ मोकळा राही. शनिवारी शिदोरी घेऊन निघावे, रंगवलेली अंडी वाळूच्या उतारावरून घरंगळत सोडावीत, मुलांनी ती शोधावीत, असा हा साधा कार्यक्रम होता. काही गावांत तर 'ईस्टरिंगला जाणे' असे क्रियापदच रूढ झाले. धर्मापेक्षा हवामानाने घडवलेला हा सण होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

या सहलीचे एक भांडे विशेष नोंदण्याजोगे आहे. 'डच ओव्हन' म्हणजे ओतीव लोखंडाचे, बहुधा तीन पायांचे, घट्ट झाकणाचे पातेले होय. त्याच्या खाली आणि झाकणावर निखारे ठेवून मांस, बटाटे, पाव व फळांची गोड भाजणी करतात. वसाहतकारांच्या गाडीत ते होते, गुराख्यांच्या तळावर होते आणि सहलीतही आले. १९९७ साली यूटाच्या विधिमंडळाने त्याला राज्याचे अधिकृत पाकपात्र म्हणून मान्यता दिली. कायदेमंडळाने एखाद्या पातेल्याचा असा गौरव करावा, हे कोणाला गमतीचे वाटेल. पण त्या पातेल्याभोवती किती कुटुंबांच्या आठवणी गोळा झाल्या आहेत, याचा अंदाज त्यावरून येतो.

युरेनियम, जीप आणि उद्यान

१९५२ साली चार्ल्स स्टीन या भूशास्त्रज्ञाला मोआबच्या आग्नेयेस लिस्बन खोऱ्यात युरेनियमचा समृद्ध साठा सापडला. १९५० मध्ये सुमारे १,३०० वस्तीचे मोआब १९६० पर्यंत साडेचार हजारांच्या वर गेले. अणुऊर्जा आयोगाच्या प्रोत्साहनाने व शोधकांच्या बुलडोझरांनी दऱ्याखोऱ्यांत कच्च्या वाटांचे जाळे पसरले. महायुद्धानंतर स्वस्तात मिळू लागलेल्या जीपगाड्या त्या वाटांवर धावू लागल्या. आजोबा घोड्यावरून दोन दिवसांत जेथे पोहोचत, तेथे नातू न्याहारी करून दुपारच्या जेवणाला पोहोचू लागला. युरेनियमची तेजी ओसरली, वाटा मात्र राहिल्या, आणि त्या रविवारच्या सहलीच्या वाटा झाल्या.

याच वाटांवरून राष्ट्रीय उद्यानाची कल्पनाही आली, ही बाब बऱ्याचदा दृष्टिआड होते. आर्चेस या राष्ट्रीय स्मारकाचे अधीक्षक बेट्स विल्सन हे पाहुण्यांना जीपमधून नीडल्स भागात नेत आणि रात्री डच ओव्हनमध्ये रांधून जेवू घालत. १९६१ साली गृहखात्याचे मंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांनाही त्यांनी हा प्रदेश दाखवला. १२ सप्टेंबर १९६४ रोजी कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. म्हणजे ज्या प्रकारच्या सहलीने उद्यानाला समर्थक मिळवून दिले, तिच्यावरच पुढे उद्यानाच्या नियमांनी मर्यादा घातल्या.

१९६७ मध्ये मोआबच्या व्यापारी मंडळाने ईस्टरच्या शनिवारी जीपगाड्यांची एक दिवसाची सामूहिक फेरी काढली. हीच 'ईस्टर जीप सफारी'. १९८० च्या दशकात तिची सूत्रे स्थानिक जीपचालकांच्या क्लबकडे गेली आणि फेरी नऊ दिवसांची झाली. देशभरातून हजारो वाहने येऊ लागली. सणाचे नाव राहिले, अंडी घरंगळवणारी गावची मुले गर्दीत दिसेनाशी झाली. काही जुन्या कुटुंबांनी तर ईस्टरला गाव सोडून दुसरीकडे जाणेच पत्करले.

ग्लेन कॅन्यनच्या बाबतीत हानी याहून मोठी होती. मार्च १९६३ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि १९८० पर्यंत लेक पॉवेल काठोकाठ भरला. होल-इन-द-रॉकच्या वाटेचा खालचा भागही पाण्याखाली गेला. ज्या कुटुंबांनी तेथे होड्यांतून मुक्काम केले होते त्यांची जागाच नाहीशी झाली, आणि त्याच पाण्यावर तरंगत्या घरांतून सुटी घालवणाऱ्या नव्या कुटुंबांची परंपरा सुरू झाली. २०२३ च्या वसंतारंभी पातळी नीचांकी गेल्यावर अनेक उपदऱ्या उघड्या पडल्या. तेव्हा एकाच स्थळाचे शोक करणारे दोन गट समोर आले. एकाला दरी परत मिळाल्याचे समाधान होते, तर दुसऱ्याला सरोवर गेल्याचे दुःख.

टोपलीतील वस्तू

सहलीच्या गौरवात एक गोष्ट झाकली जाते. या दऱ्या निर्जन नव्हत्या. प्राचीन प्वेब्लो लोकांची कपारीतील घरे, धान्याची कोठारे आणि दफने येथे पावलोपावली आहेत, आणि होपी, झुनी आदी जमाती स्वतःला त्यांचे वंशज मानतात. ब्लँडिंग परिसरातील कुटुंबांच्या सहलीत बाणांची टोके व खापरे वेचणे हा मुलांचा आवडता खेळ होता. काही मोठी माणसे फावडेही सोबत नेत. संघीय जमिनीवरील असे उत्खनन १९०६ च्या पुरावस्तू कायद्याने निषिद्धच होते. १९७९ च्या कायद्याने शिक्षा कडक केली. मात्र जमिनीवर पडलेले बाणाचे टोक उचलणाऱ्यास त्या कायद्यातील दंडातून वगळले. घरगुती छंद आणि लूट यांमधील सीमारेषा आखताना कायदाही कसा अडखळला, हे या सवलतीतून दिसते. १९८६ व २००९ मध्ये संघीय अधिकाऱ्यांनी छापे घातले. २००९ च्या प्रकरणात वीसहून अधिक जणांवर आरोप ठेवले गेले. गावकऱ्यांच्या मते आपल्या बालपणालाच गुन्हा ठरवण्यात आले होते. ज्यांच्या पूर्वजांच्या कबरी उकरल्या गेल्या त्यांना असे वाटणे शक्य नव्हते, आणि इतिहासलेखनात या दुसऱ्या बाजूला अधिक वजन द्यावयास हवे.

या जमातींच्याही कुटुंबांचे आपले ऋतू आहेत. शरद ऋतूत पिन्यन पाइनच्या बिया वेचण्यास नव्हाहो कुटुंबे आजी-नातवंडांसह डोंगरउतारावर जातात. सरपण व औषधी वनस्पती आणणे हेही एकत्रच होते. युट लोकांचे अस्वल-नृत्य परंपरेने वसंतात, अस्वल गुहेतून बाहेर येण्याच्या सुमारास होई. व्हाइट मेसा येथील युट वस्तीत ते सप्टेंबरच्या आरंभी, अमेरिकन कामगार दिनाच्या सुटीला जोडून होऊ लागले. नोकरदार नातलगांना सुटी असेल तेव्हाच सण करावा लागतो. कॅलेंडर परक्यांचे आणि नृत्य आपले, अशी ही तडजोड आहे.

आठवण : एक पुरावा

१८६६ च्या खाणविषयक कायद्यातील एका कलमाने सार्वजनिक जमिनीवरून रस्ता काढण्याचा हक्क मान्य केला होता. १९७६ मध्ये ते कलम रद्द झाले, पण तोवर निर्माण झालेले हक्क अबाधित राहिले. यूटाच्या नियमानुसार सलग दहा वर्षांचा सार्वजनिक वापर सिद्ध करावा लागतो. राज्याच्या सुमारे दोन-तृतीयांश जमिनीची मालकी संघीय सरकारकडे असल्याने हा प्रश्न जिव्हाळ्याचा झाला. २०११-१२ मध्ये राज्याने व कौंट्यांनी बारा हजारांहून अधिक वाटांवर दावे लावले. वाहनांची वर्दळ कोणी लिहून ठेवली नव्हती. तेव्हा वृद्ध साक्षीदारांच्या जबान्या, ते हयात आहेत तोवर, नोंदवून घेण्यात आल्या. कोणत्या साली कोणत्या वाटेने गेलो, सोबत कोण होते, गाडी कोणती होती, असे हे तपशील असत. गुरे हाकणे, खनिजाचा शोध आणि कुटुंबाची सहल या सर्व आठवणींना एकाएकी कायदेशीर मोल आले.

कॅन्यनलँड्समधील सॉल्ट क्रीकचा खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. एंजल आर्चकडे जाणारी जीपची वाट ओढ्याच्या पात्रातूनच जाई. १९९८ पासून तिच्या वरच्या भागात वाहनांना मज्जाव झाला, आणि २००४ मध्ये सॅन वॉन कौंटीने रस्त्याच्या हक्काचा दावा लावला. उद्यान १९६४ चे असल्याने त्यापूर्वीची सलग दहा वर्षे दाखवणे भाग होते. २०११ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तसा वापर सिद्ध होत नसल्याचा निर्णय दिला. जीपने लोक जात होते हे कोणी नाकारले नाही. वर्षातून एखाद्या वेळी होणारी, पुराने पुसली जाणारी ये-जा म्हणजे सार्वजनिक रस्ता नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. परंपरेला वर्षातून एक फेरी पुरते, कायद्याला पुरत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात, २००७ पासून वाहनांना बंद असलेल्या ब्लँडिंगजवळच्या रीकॅप्चर कॅन्यनमध्ये आंदोलकांनी निषेध म्हणून वाहने घातली. प्राचीन अवशेषांच्या रक्षणासाठीच ती दरी बंद केलेली होती.

याच सुमारास वृद्धांच्या आठवणी दुसरीकडेही नोंदवल्या जात होत्या. 'यूटा दिने बिकेया' या संस्थेने २०१० पासून सुमारे ७० नव्हाहो ज्येष्ठांच्या मुलाखती घेऊन कोणते कुटुंब कोठे बिया वेचते, कोठे लाकूड तोडते, कोठे विधी करते यांचे नकाशे केले. त्या नकाशांच्या आधारे आणि पुढे होपी, नव्हाहो, झुनी व दोन युट जमातींच्या संयुक्त मागणीवरून २८ डिसेंबर २०१६ रोजी साडेतेरा लाख एकरांचे 'बेअर्स इअर्स' राष्ट्रीय स्मारक घोषित झाले. ४ डिसेंबर २०१७ रोजी त्याचे क्षेत्र सुमारे ८५ टक्क्यांनी घटवण्यात आले आणि ८ ऑक्टोबर २०२१ रोजी ते पूर्ववत करण्यात आले. विरोधकांत होल-इन-द-रॉकच्या गाडीवानांचे वंशज होते. आमची चार-पाच पिढ्यांची वहिवाट, असे त्यांचे म्हणणे. नव्हाहो ज्येष्ठांच्या मुलाखतींतील पिढ्या मात्र १८६४ च्या सक्तीच्या स्थलांतरापलीकडे जातात. त्या वेळी सैन्याला चुकवून काही कुटुंबे याच दऱ्यांत लपली होती, आणि त्यांची नातवंडे-पतवंडे बिया वेचण्यास आजही त्याच उतारांवर जातात.