बंदोबस्त म्हणजे पोलीस नव्हे

फुलंब्रीच्या घरी आजोबांची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा तळाशी उर्दूत लिहिलेला एक कागद निघाला. घरात उर्दू वाचणारं आता कुणी उरलेलं नाही. म्हणून गल्लीतल्या चाचांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं, ‘बंदोबस्त...’

काका लगेच म्हणाले, “पोलिसांचा कागद दिसतोय. जुनी केस असेल, टाकून द्या.”

चाचा हसले. “पोलीस कशाला येतील यात? तुमच्या जमिनीचा कागद आहे हा.”

शेताचं क्षेत्र, सारा, पणजोबांचं नाव, सगळं त्यात होतं. साल होतं फसली १३४१. निजामाच्या राज्यातल्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९३१. बांधावरून चुलत्यांशी चाललेल्या वादात हाच कागद आमच्या बाजूने बोलणार होता. एका शब्दाचा अर्थ चुकला असता, तर तो रद्दीत गेला असता.

मग मी त्या शब्दाच्या मागे लागलो.

बंदोबस्त फारसीतून आला. ‘बंद’ म्हणजे बांधणं, ‘बस्त’ म्हणजे बांधलेलं. थोडक्यात, कायमची व्यवस्था लावणं. जमीन मोजायची, सारा ठरवायचा आणि तो बांधून टाकायचा, हाही बंदोबस्तच. आपल्याकडे हैदराबाद संस्थानाचा कारभार आधी फारसीत चाले, १८८४ पासून तो उर्दूत आला. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, राज्य बदललं. पेट्यांमधले कागद मात्र उर्दूतच राहिले.

गंमत म्हणजे हाच शब्द इंग्रजीतही गेला. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. सारा वसूल करायचा तर सारा गोळा करणाऱ्यांचे शब्द शिकावेच लागले. साहेबांच्या पत्रांत ‘बंडोबस्ट’ आला, ‘कचेरी’ आली. सराफाचा ‘श्रॉफ’ झाला. जॅकी श्रॉफच्या आडनावात तोच आपला सराफ बसला आहे. शाळेत आपण कायमधारा पाठ करतो, तो १७९३ चा. इंग्रजीत त्याला ‘पर्मनंट सेटलमेंट’ म्हणतात. यातलं सेटलमेंट म्हणजे बंदोबस्तच.

असे शब्द हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी एका जाड कोशात गोळा केले. तो १८८६ मध्ये छापला गेला. बर्नेल त्याआधीच, १८८२ मध्ये वारले होते. कोशाचं नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. ही काही दोन माणसांची नावं नाहीत. मोहरमच्या मिरवणुकीतली ‘या हसन, या हुसेन’ ही हाक गोऱ्या शिपायांच्या कानाला तशी ऐकू आली! मराठवाड्यात गावोगावी सवाऱ्या निघतात, हिंदू घरंही नवस बोलतात. त्या दुःखाच्या हाकेचं साहेबाच्या कानात एक गमतीदार नाव झालं.

आपली मराठीही रिकाम्या हाताने राहिली नाही. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा आपल्या मुंगसावरून आला. ‘डंगरी’ कापडाचं नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडलं, आणि पुढे त्याचीच डंगरीज नावाची पॅन्ट झाली.

आज इंग्रज माणसाला ‘बंडोबस्ट’ जुनाट वाटतो, जवळजवळ विसरलेला. आपल्याकडे तो रोज छापून येतो, ‘चोख पोलीस बंदोबस्त’. शब्द जिवंत आहे, पण त्याच्या पोटातली जमीन निघून गेली. शब्द मरतो तेव्हा निदान कळतं तरी. अर्थ गुपचूप निघून जातो, ते कळतसुद्धा नाही.

चाचांचं वय झालंय. आता दर रविवारी मी मोबाईलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करतो. ते एकेक ओळ वाचतात, अर्थ सांगतात आणि मी लिहून घेतो. तुमच्याही घरात अशी पेटी असेल. कागद टाकून देण्याआधी तो वाचणारं माणूस शोधा. अशी माणसं आता थोडीच उरली आहेत.