गोलकीपरला पहिला नंबर का मिळत नाही?

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. मी सांगतोय ती उत्तर अमेरिकेतली, बर्फावरची हॉकी. तिथल्या एनएचएल लीगमध्ये नव्या पोरांसाठी आयपीएलसारखा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. साधारण अठरा वर्षांच्या खेळाडूंमधून संघ पाळीपाळीने एकेकाला निवडतात. तळाच्या संघांना बहुधा आधी संधी.

1963पासूनची यादी मी चाळली. पहिल्या नंबरावर सेंटर सारखे भेटतात: 1984मध्ये मारियो लेम्यू, 2005मध्ये सिडनी क्रॉस्बी, 2015मध्ये कॉनर मॅकडेव्हिड. 2025पर्यंत गोलकीपर मात्र तीनच: 1968चा मिशेल प्लास, 2000चा रिक डिपिएट्रो आणि 2003चा मार्क-आंद्रे फ्लरी.

असं का? सेंटर गोल करतो, करवून देतो, बचावालाही धावतो. त्याची चमक लहानपणीच दिसते. सेंटर म्हणून नाही जमलं, तर विंगवर खेळवता येतं. गोलकीपरला अशी पळवाट नाही. संघात एका वेळी जागा एकच, आणि तो पिकतोही उशिरा.

2000चा ड्राफ्ट बघा. न्यूयॉर्क आयलँडर्सनी डिपिएट्रोला पहिल्या नंबरावर घेतलं. त्याच दिवशी आपला तरुण गोलकीपर रॉबर्टो लुआंगो फ्लोरिडाला देऊन टाकला. 2006मध्ये डिपिएट्रोशी तब्बल 15 वर्षांचा करार केला. मग दुखापतींनी त्याला गाठलं. 2013मध्ये संघाने पैसे देऊन करार मोडला. ते हप्ते 2029पर्यंत चालणार आहेत. लुआंगो मात्र हॉल ऑफ फेममध्ये पोचला.

आणि त्याच ड्राफ्टमध्ये शेजारच्या न्यूयॉर्क रेंजर्सनी 205व्या नंबरावर एक स्वीडिश गोलकीपर उचलला होता: हेन्रिक लुंडक्विस्ट. तोही आज हॉल ऑफ फेममध्ये आहे.

लोक डिपिएट्रोवर हसतात, ते मला पटत नाही. गुडघे दगा देतील हे अठराव्या वर्षी कुणाला दिसतं? शिवाय फ्लरीने पिट्सबर्गकडून तीन स्टॅन्ली कप जिंकले, म्हणजे डाव लागतोही. तरी 2003नंतर 2025पर्यंत एकाही संघाने पहिला नंबर गोलकीपरवर लावला नाही.

गोलकीपरची किंमत कमी म्हणून नव्हे. 2012मध्ये 130व्या नंबरावर निवडलेला कॉनर हेलेबक 2025मध्ये लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. ड्राफ्टचा नंबर खेळाडूची लायकी सांगत नाही. अठराव्या वर्षी त्याच्यातलं किती दिसलं, एवढंच सांगतो. काही जागांवरची माणसं दिसायलाच वेळ लागतो.