‘डिस्चार्ज’: एका उपसर्गाची वाटचाल

इंग्लंडातील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे १९७७ साली ‘डिस्चार्ज’ हा पंक वाद्यवृंद स्थापन झाला. युद्ध व अण्वस्त्रे ह्यांचा निषेध करणारी त्याची गीते आखूड व तुटक असत. १९८२ च्या ‘हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग’ ह्या ध्वनिमुद्रिकेत ही शैली परिणत झाली. १९८६ मध्ये ‘ग्रेव्ह न्यू वर्ल्ड’ काढताना मात्र वृंदाने स्वतःच तिचा त्याग केला आणि बराच श्रोतृवर्ग दुरावला. सभासदही वारंवार बदलले. मग ह्या वृंदाचे सातत्य कशात शोधावयाचे?

त्याचे उत्तर नावात सापडते. त्याच्या ड्रमवादनाचा ठेका वृंदाच्या आद्याक्षरावरून ‘डी-बीट’ म्हणून ओळखला जातो. पुढे स्वीडनमधील ‘डिसफिअर’, जपानमधील ‘डिसक्लोज’ आदी वृंदांनी ‘डिस’ हा उपसर्गच स्वीकारला. इंग्रजीत तो अभाव वा वियोग दर्शवितो. ह्या नावांत मात्र तो आडनावाप्रमाणे कुळी सांगतो. मूळ घराण्याने टाकलेली शैली अशा रीतीने दत्तक वारसांनी जतन केली. २०१६ साली निराळ्या गायकासह ‘एंड ऑफ डेज’ प्रसिद्ध झाली, तेव्हा खुद्द ‘डिस्चार्ज’ही त्याच शैलीत गात होते. तोवर ती एकट्या त्यांची राहिली नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही.